लपवलेलं कर्ज उघडं पडल्यावर: नवरा-बायकोतला विश्वास पुन्हा कसा उभा करायचा

बहुतेक घरांत ही गोष्ट कुणी सांगत नाही, ती कळते. वसुलीवाल्याचा फोन बायकोच्या नंबरवर येतो. स्कूटरच्या डिकीत सोनेतारणाची पावती सापडते. पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी खात्यात जेमतेम काहीशे रुपये उरलेले दिसतात. मग शेअर बाजारातला तोटा, कर्जाचं ॲप, मित्रासाठी घेतलेली जामीनकी किंवा माहेरच्या अडचणीसाठी बचतगटातून परस्पर उचललेली रक्कम, जे काही असेल ते बाहेर येतं. लपवणारा नेहमी नवराच असतो असं नाही. भिशीचे पैसे भावाला देऊन बसलेल्या आणि वर्षभर धास्तीत जगलेल्या बायकाही मी पाहिल्या आहेत.

कुटुंब समुपदेशनाच्या कामात अशा जोडप्यांबरोबर बसते तेव्हा एक वाक्य हमखास कानावर पडतं: "पैसे गेले त्याचं सोड. तू मला सांगितलं का नाहीस?" समोरचा मात्र पैशाचंच उत्तर देत राहतो. "फेडतो ना मी सगळं, दोन वर्षांत फेडतो." प्रश्न एकीकडे आणि उत्तर दुसरीकडे, अशीच कित्येकांची पहिली रात्र जाते.

या प्रश्नामागचं दुखणं प्रयोगातही दिसलं आहे. अमेरिकेतल्या व्हार्टन बिझनेस स्कूलमधल्या मॉरिस श्वाइट्झर, जॉन हर्शी आणि एरिक ब्रॅडलो या तिघांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. पैशांच्या देवघेवीच्या एका खेळात काही जणांचा फक्त विश्वासघात केला गेला, तर काहींचा विश्वासघातही झाला आणि त्यांच्याशी खोटंही बोललं गेलं. पहिल्या गटातल्या लोकांचा विश्वास, समोरच्याने पुढे सातत्याने नीट वागल्यावर, परत आला. दुसऱ्या गटाच्या बाबतीत मात्र शब्द दिला, माफी मागितली, पुढचं वागणं सुधारलं, तरी तो पूर्वीइतका कधीच झाला नाही. प्रयोगशाळेतला खेळ आणि वीस वर्षांचा संसार यांत फरक आहे, आणि पुन्हा उभी राहिलेली घरं मी पाहिली आहेत. पण कर्जापेक्षा खोटेपणा जास्त खोल लागतो, हे दोन्हीकडे सारखंच. म्हणून पुढच्या पायऱ्यांचा क्रमही त्याला धरूनच आहे: आधी खरं, मग माफी, मग पैशाची व्यवस्था. वचनं त्यानंतर. बहुतेक लोक सुरुवात वचनापासून करतात आणि तिथेच अडकतात.

पहिले तीन-चार दिवस: काहीही ठरवू नका

कर्ज उघड झाल्यावर पहिल्या काही दिवसांत घेतलेले निर्णय सहसा चुकतात. दागिने विकून टाकू, फ्लॅट काढू, मी माहेरी जाते, तुझ्या आईला आत्ताच फोन लावते: यातलं काहीही या दिवसांत करू नका. हप्ता दोन दिवस उशिरा गेला तर दंड लागेल. घाईत विकलेलं सोनं किंवा भर रात्री नातेवाइकांसमोर बोललेलं वाक्य मात्र मागे घेता येत नाही.

एक गोष्ट तेवढी लगेच करायची. कर्ज लपवणारा माणूस अनेकदा महिनोन्‌महिने एकटाच त्याच्या ओझ्याखाली असतो, आणि उघडं पडण्याची वेळ त्याच्यासाठी सगळ्यात धोक्याची असते. "माझा विमा तरी तुमच्या कामी येईल", "मी नसतो तर बरं झालं असतं" अशी वाक्यं ऐकू आली तर हिशेब, जाब, राग सगळं बाजूला ठेवा. त्याला किंवा तिला एकटं सोडू नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. जिवाला लगेच धोका वाटत असेल तर ११२. रागावलेल्या माणसाला हे करणं जड जातं, मला माहीत आहे. तरीही हेच आधी. राग कुठे पळून जात नाही.

वसुलीवाल्यांचे फोन चालू असतील तर एक नियम लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार बँका आणि वित्त कंपन्यांच्या वसुली एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. धमकावणं, नातेवाइकांना किंवा मित्रांना फोन करून बदनामी करणं यालाही मनाई आहे. फोन आला की तारीख-वेळ लिहून ठेवा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. खाजगी सावकाराचं प्रकरण असेल तर महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा वेगळा कायदा आहे. विनापरवाना सावकारी हा त्याखाली गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते.

पूर्ण यादी, आणि ती एकदाच

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. अर्धवट कबुलीइतकं नुकसान दुसरं काही करत नाही.

एक जोडपं आठवतं, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलते. नवऱ्याने वहीच्या पानावर लिहून आणलं होतं: पर्सनल लोन ४ लाख, क्रेडिट कार्ड १ लाख ८० हजार, ऑफिसच्या सोसायटीचं दीड लाख, मित्राकडून हातउसने ६० हजार. एकूण ७ लाख ९० हजार. बायकोने ते पान दोनदा वाचलं, बेरीज स्वतः केली आणि विचारलं, "अजून काही?" तो म्हणाला, "नाही." तिने पुन्हा विचारलं, तो पुन्हा नाही म्हणाला. त्या दिवशी ती बऱ्यापैकी शांत होती, फेडीचं गणितही तिनेच मांडायला घेतलं. आठ दिवसांनी लॉकर उघडला तेव्हा तिच्या आजीच्या पाटल्या जागेवर नव्हत्या. त्या गहाण ठेवून त्याने ४५ हजार उचलले होते. आठ लाखांच्या जवळपासचा आकडा जिने शांतपणे वाचला, ती ४५ हजारांवर कोसळली. पाटल्यांचं दुःख होतंच. पण "नाही" हा शब्द त्याने तिच्या डोळ्यांत बघून दोनदा उच्चारला होता, आणि ते तिला सोसवेना. त्यांना जे काही सावरायचं होतं ते त्या दिवसापासून पुन्हा शून्यातून सुरू करावं लागलं.

लपवणारा हे मुद्दाम करतो असं नाही. त्याला वाटतं, एवढं सांगितलं, आता हे छोटंसं राहिलेलं गुपचूप फेडून टाकू, तिला अजून कशाला त्रास. पण ऐकणाऱ्याच्या बाजूने बघा. दर आठवड्याला नवीन कर्ज बाहेर पडलं की आधी सांगितलेलं सगळंच खोटं वाटायला लागतं, त्यातलं खरं होतं तेसुद्धा.

म्हणून यादीसाठी मुदत ठरवा, साधारण आठवडाभराची. ती लपवणाऱ्याने स्वतः करायची. बायकोने खोदून काढलेली यादी आणि नवऱ्याने पुढे ठेवलेली यादी यांतले आकडे तेच असले तरी परिणाम वेगळा होतो. यादीत प्रत्येक कर्जासमोर पाच गोष्टी हव्यात: कुणाकडून, केव्हा, आज किती बाकी, महिन्याचा हप्ता आणि व्याज, आणि ते पैसे कशावर गेले. शेवटचा रकाना सगळ्यात अवघड जातो आणि तोच रिकामा ठेवायचा मोह होतो.

आठवणीवर विसंबू नका, कागद काढा. क्रेडिट रिपोर्टपासून सुरुवात करा. देशात चार कंपन्या हे रिपोर्ट देतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. किमान दोन कंपन्यांचे काढा, कारण एकीकडे न दिसलेली नोंद दुसरीकडे दिसू शकते. बँकांची, वित्त कंपन्यांची कर्जं, क्रेडिट कार्डं, परवानाधारक कंपन्यांमार्फत दिलेली ॲपवरची छोटी कर्जं आणि बऱ्याचदा दुसऱ्यासाठी घेतलेली जामीनकीही त्यात दिसते.

पण आपल्याकडची निम्मी उधारी रिपोर्टच्या बाहेर असते, हे विसरू नका. पगारदारांच्या पतसंस्थेचं कर्ज तिथे दिसेलच असं नाही, ते पगारपत्रकातल्या कपातीत सापडतं. सराफाकडे ठेवलेलं सोनं, हातउसने, भिशीची लवकर उचललेली पाळी, सावकार, विमा पॉलिसीवर घेतलेलं कर्ज, किराणा दुकानातलं खातं, मेव्हण्याकडून घेतलेले पैसे यांपैकी फारसं काही रिपोर्टमध्ये नसतं. भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढली असेल तर ती पीएफच्या पासबुकात दिसते. शेअर बाजाराचा मामला असेल तर ब्रोकरकडून नफा-तोट्याचं वर्षवार पत्रक मिळतं, तेही जोडा.

जामीनकी वेगळ्या शाईने लिहा. "मी नुसती सही केलीय, कर्ज त्याचं आहे" असं लोक मनापासून म्हणतात. करार कायदा १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बायकोला न विचारता केलेली ती सही म्हणजे लपवलेलं कर्जच आहे.

यादी पूर्ण झाली की खाली तारीख घालून एक वाक्य स्वतःच्या हाताने लिहा: "याशिवाय माझ्या नावावर किंवा माझ्या शब्दावर कुठेही देणं नाही. काही आठवलं तर आठवल्याच दिवशी सांगेन." नाटकी वाटेल, पण लिहिताना हात थबकला तर काय राहिलंय ते त्याच क्षणी कळतं.

माफी: काय बोलायचं, काय टाळायचं

यादीच्या आधी मागितलेली माफी पोकळ असते. कशाबद्दल मागतोय तेच समोरच्याला पूर्ण माहीत नसतं. यादीनंतर मात्र ती सविस्तर मागायला हवी.

ओहायो स्टेट विद्यापीठातले रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीचे सहा भाग पाडून कोणता भाग किती परिणाम करतो ते तपासलं. चूक माझी आहे असं स्पष्ट कबूल करणं सगळ्यात वर आलं, त्याच्या खालोखाल नुकसान भरून काढण्याची तयारी. "मला माफ कर" ही विनंती सगळ्यात खाली. आपल्याकडे बहुतेक माफ्या नेमक्या उलट्या असतात: सुरुवातीलाच "माफ कर ना आता", आणि चूक काय होती ते धूसर.

चांगली माफी साधारण अशी वाटते: "मी दोन वर्षं तुझ्याशी खोटं बोललो. बोनस कापला गेला असं सांगितलं, तो मी बाजारात घालवला होता. तुझ्या पाटल्या तुला न विचारता ठेवल्या. तू खर्चात काटकसर करत होतीस आणि मी ते बघत गप्प राहिलो. पाटल्या मार्चपर्यंत सोडवून आणतो, बाकीचं कसं फेडायचं ते आपण मिळून ठरवू. तू काय ठरवशील ते मी ऐकेन." यात एकही "पण" नाही. "पण मी हे घरासाठीच केलं", "पण तू मला सांगायला जागा कुठे ठेवतेस", "पण सगळेच करतात" ही तीन वाक्यं माफी जागच्या जागी मारतात. कदाचित त्यातलं दुसरं खरंही असेल. घरात पैशाचा विषय निघाला की रोज भांडण होत असेल. त्यावर बोलायला हवं, पण काही आठवड्यांनी, वेगळ्या बैठकीत. माफीच्या बैठकीत तो विषय काढू नका.

कारण सांगणं मात्र टाळू नका. वायदे बाजारात (म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये) पैसे कसे गेले हे समजून घेतलं की बायकोला निदान चित्र दिसतं. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर वायदे बाजारात उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांचा तोटा झाल्याचं दिसलं, सरासरी दरडोई सुमारे दोन लाख रुपये. तोटा होणं ही त्या बाजारातली नेहमीची गोष्ट आहे. ती नवऱ्याला वेगळा नालायक ठरवत नाही आणि निर्दोषही ठरवत नाही. लपवणं ही त्याची स्वतःची निवड होती.

प्रश्नांना वेळ ठरवून द्या

दुखावलेली व्यक्ती तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणार. दिवाळीत आपण गावी होतो तेव्हा तुला हे माहीत होतं? मी शाळेच्या फीसाठी आईकडून पैसे घेतले तेव्हा तू काय विचार करत होतास? या प्रश्नांनी ती गेल्या दोन वर्षांतला एकेक दिवस उचलून बघत असते, त्यातलं काय खरं होतं ते. "किती वेळा तेच विचारशील" हे उत्तर दिलंत की ती विचारणं थांबवेल आणि शोधणं सुरू करेल.

पण रात्री साडेबाराला सुरू होणारी चौकशी दोघांनाही संपवते. आठवड्यातून दोनदा, अर्धा-पाऊण तास, मुलं घरात नसताना किंवा झोपल्यावर, असं ठरवा. मधल्या दिवसांत मनात आलेले प्रश्न वहीत लिहून ठेवा. ठरलेल्या वेळी लपवणाऱ्याने स्वतःहून विषय काढायचा: "आज बुधवार, बसायचं ना?" हे दिसायला किरकोळ आहे. पण विषय उकरून काढण्याचं काम प्रत्येक वेळी तिच्यावर पडलं, तर घरात कटकट करणारीही तीच ठरते. पुढाकार कुणाचा, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

उत्तर माहीत नसेल तर "आठवत नाही, स्टेटमेंट बघून उद्या सांगतो" म्हणा आणि खरंच उद्या सांगा.

तिला पोलीस व्हावं लागू नये अशी व्यवस्था

इथे बहुतेक घरं एकतर फार कडक होतात किंवा फार ढिली. कडक म्हणजे बायको रोज नवऱ्याचा फोन तपासते, तो पासवर्ड देतो, ती हिस्टरी बघते, आणि महिन्याभरात दोघांनाही त्याची किळस येते. ढिली म्हणजे "आता मी सुधारलो, विश्वास ठेव", आणि काहीच बदलत नाही. हवी असते ती अशी सोय, की शोधाशोध न करताही माहिती आपणहून समोर येईल.

पगाराचं खातं जॉइंट करून घ्या, किंवा पगार जमा होताच ठरलेली रक्कम आपोआप घरखर्चाच्या जॉइंट खात्यात जाईल अशी सूचना बँकेला द्या. हप्ते त्याच खात्यातून कापले जाऊ द्या. महिन्याचं स्टेटमेंट दोघांच्या ईमेलवर यायला हवं. यूपीआय ॲपमधले ऑटोपे एकदा दोघांनी मिळून तपासा, विसरलेल्या वजावटी तिथे सापडतात. जादा क्रेडिट कार्डं बंद करा, उरलेल्याची मर्यादा कमी करून घ्या. ट्रेडिंगचा प्रश्न असेल तर वायदे व्यवहाराचा विभाग ब्रोकरला सांगून बंद करा आणि ॲप काढा. नुसतं ॲप काढून उपयोग नाही, खातं चालूच राहतं. कर्ज देणारं ॲप फोनमधले संपर्क आणि फोटो मागत असेल तर ते रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसत नाही. तसं ॲप घरात पुन्हा येऊ देऊ नका.

दर महिन्याला पगारानंतरच्या रविवारी एक बैठक. पहिल्या वेळी दोन तास लागतील, पुढे अर्ध्या तासात उरकते. यादीतले आकडे पुढे नेऊन लिहायचे: मागच्या महिन्यात बाकी किती, आज किती. हे काम लपवणाऱ्याने करायचं, दुसऱ्याने पडताळायचं. फेडताना आधी क्रेडिट कार्डाची बाकी संपवा. नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांहून जास्त व्याज चढतं. बँक "सेटलमेंट"ची, म्हणजे काही बाकी सोडून कमी रकमेत खातं मिटवण्याची, ऑफर देईल. पूर्ण फेड आणि सेटलमेंट या क्रेडिट रिपोर्टमध्ये वेगळ्या नोंदी असतात, आणि सेटलमेंटच्या नोंदीमुळे पुढे गृहकर्जाला अडचण येते. जमत असेल तर पूर्ण फेडा आणि प्रत्येक कर्ज संपल्यावर थकबाकी नसल्याचं पत्र घेऊन फाइलला लावा.

मी एक गोष्ट आग्रहाने सांगते: लपवणाऱ्यालाही महिन्याला थोडी रक्कम हिशेबाशिवाय खर्चायला द्या. दोन हजार असोत की तीन. चहाचे दहा रुपयेसुद्धा ज्याला बायकोकडे मागावे लागतात तो माणूस लहान मुलासारखा होतो, आणि लहान मूल पुन्हा लपवायला शिकतं. दुखावलेल्या जोडीदाराच्या हातीही तेवढीच रक्कम हवी.

सोन्याबद्दल स्पष्ट असा. स्त्रीधन ही पत्नीची स्वतःची, पूर्ण मालकीची मालमत्ता आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्येही पुन्हा सांगितलं आहे, की नवऱ्याने अडचणीत ते वापरलं तरी ते किंवा त्याची किंमत परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. त्यामुळे "आधी तुझे दागिने विकून मोकळे होऊ" हा प्रस्ताव नवऱ्याने मांडूच नये. तिने स्वतःहून, शांतपणे, काही आठवड्यांनी मांडला तर गोष्ट वेगळी. आणि नवऱ्याच्या वैयक्तिक कर्जावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तिची सही नसेल, तर निव्वळ बायको आहे म्हणून ते कर्ज तिच्या अंगावर येत नाही. घाबरवून तिची सही नवीन कागदावर घेण्याचा प्रयत्न कुणी केला, अगदी सासरच्यांनी केला, तरी तिने सही करू नये.

कुणाला सांगायचं

कमीत कमी लोकांना, पण शून्य लोकांना नाही. दुखावलेल्या व्यक्तीला मन मोकळं करायला एक माणूस हवाच: बहीण, जुनी मैत्रीण, कुणी जाणतं. तो माणूस तिने निवडायचा, आणि "बाहेर का बोललीस" असं तिला कुणी विचारायचं नाही. दोन्हीकडच्या आई-वडिलांना बोलावून बैठक भरवण्याच्या मी विरुद्ध आहे. तिथे नवरा-बायकोचा प्रश्न दोन घराण्यांचा होतो, जुने मानपान निघतात. शिवाय जोडपं सावरल्यावरही सासू-सासऱ्यांच्या मनातला राग तसाच राहतो.

ज्यांचे पैसे अडकलेत त्यांना मात्र सांगावंच लागतं. हातउसने देणाऱ्या मित्राला भेटून तारीख द्या, लहान रकमेचा हप्ता सुरू करा. जामीनदार झालेल्या सहकाऱ्याला दुसऱ्याकडून कळायच्या आत स्वतः जाऊन सांगा. मुलांना आकडे सांगायची गरज नाही, पण घरात काहीतरी बिनसलंय हे त्यांना कळलेलं असतं. "आपल्याकडे सध्या पैशाची ओढाताण आहे, आम्ही दोघं मिळून बघतोय, तुझी शाळा चालू राहील" एवढं दोघांनी एकत्र बसून सांगितलं तर पुरतं.

दुखावलेल्या बाजूने

विश्वास ठेवायचा की नाही हे तुम्ही ठरवणार आहात, आणि त्याला मुदत नाही. घरातले वडीलधारे "आता झालं ना, सोडून दे" म्हणतील. सोडून देण्याची घाई करू नका. त्याचबरोबर, राहायचं ठरवलं असेल तर दोन गोष्टी स्वतःला विचारत राहा.

पहिली: समोरचा खरं बोलतो तेव्हा मी त्याच्याशी कशी वागते? त्याने आपणहून येऊन सांगितलं, की आज मोह झाला, ॲप पुन्हा टाकलं होतं, मग काढलं, आणि त्यावर तीन दिवस अबोला झाला, तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. राग येणारच, तो व्यक्तही करा. पण सांगितल्याबद्दल वेगळं, आणि केल्याबद्दल वेगळं बोला. "हे ऐकून मला भीती वाटली, पण तू स्वतः सांगितलंस ते बरं केलंस" एवढं म्हणणं अवघड आहे. तरी ते म्हणायला हवं.

दुसरी: कर्जाचा उल्लेख मी कुठे करते? ठरलेल्या बैठकीत तो तुमचा हक्क आहे. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून, नणंदेच्या लग्नात पाहुण्यांसमोर, किंवा मुलाच्या प्रगतिपुस्तकावरून तो निघायला लागला की समोरचा माणूस सुधारण्याचे कष्ट सोडतो. कितीही केलं तरी शिक्षा तीच, असं त्याला वाटायला लागतं.

विश्वास देताना तो लहान आणि तपासता येण्याजोग्या गोष्टींपासून द्या. विजेचं बिल तू भर, पावती फाइलला लाव. तीन महिने हे चोख झालं तर मुलाच्या फीची जबाबदारी द्या.

पुन्हा घसरला तर

सट्टा, ऑनलाइन जुगार, वायदे व्यवहार यांची सवय लागलेला माणूस पहिल्याच प्रयत्नात सुटेल असं धरून चालू नका. आधीच ठरवून ठेवा: घसरल्यावर चोवीस तासांच्या आत स्वतः सांगितलं तर आपण व्यवस्था घट्ट करू आणि पुढे जाऊ. पकडला गेला तर काय, तेही आत्ताच, डोकं शांत असताना, लिहून ठेवा. पैशाचा कारभार पूर्ण दुसऱ्याकडे, व्यसनमुक्ती समुपदेशन किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं बंधनकारक, काही काळ वेगळं राहणं, जे काही असेल ते. ही सवय अनेकांमध्ये आजाराच्या पातळीला गेलेली असते आणि तिच्यावर उपचार आहेत. इच्छाशक्तीच्या भाषणांनी ती जात नाही.

आणि काही घरांत हा लेख लागूच होत नाही. कर्जाबद्दल विचारल्यावर हात उगारला जातो, पगार हिसकावून घेतला जातो, स्त्रीधन परस्पर विकलं जातं, सही करण्यासाठी धमकावलं जातं: हे विश्वासाचे प्रश्न नव्हेत. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात आर्थिक छळही हिंसाचारातच मोडतो. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आज राज्यात अनेक ठिकाणी काम करतात. पोलिसांचे भरोसा सेल आहेत, पहिला २०१७ मध्ये नागपुरात सुरू झाला. प्रकरण कौटुंबिक न्यायालयात पोहोचलं तरी तिथे विवाह समुपदेशक असतात. अशा घरात माहितीचा पारदर्शकपणा मागण्याआधी सुरक्षित जागा शोधा.

व्यवस्था सैल कधी करायची

साधारण वर्षभर आकडे नीट उतरत गेले, बैठका लपवणाऱ्याच्या पुढाकाराने होत राहिल्या आणि मधल्या काळात नवीन काही उघड झालं नाही, तर सैल करायला सुरुवात करता येते. आधी प्रश्नांच्या बैठका आपोआप विरळ होतात, त्यांची मुदत ठरवायची गरज पडत नाही. मग मासिक पडताळणी: दर महिन्याऐवजी तीन महिन्यांनी. मग कार्डाची मर्यादा थोडी वाढवा. हे प्रत्येक पाऊल दुखावलेल्या व्यक्तीने सुचवायचं, दुसऱ्याने मागायचं नाही. मागणी आली की पडताळणी पुन्हा संशयाची होते.

क्रेडिट रिपोर्ट मात्र दोघांचेही, दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी, शेजारी बसून काढत राहा. तो फुकट आहे आणि दहा मिनिटांचं काम आहे. एक नियम कधीच सैल करू नका: दोघांपैकी कुणीही नवीन कर्ज, जामीनकी किंवा सोनेतारण दुसऱ्याला आधी सांगितल्याशिवाय करायचं नाही, रक्कम पाच हजार असली तरी. हा नियम लपवणाऱ्यासाठी शिक्षा म्हणून नको. जिने कधी काही लपवलं नाही तिलाही तो तितकाच लागू करा.